पाच वाजेपर्यंत उभे राहिलेले मजूर

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचलाही जातो. दिवस संपल्यावर सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. यावरचं प्रवचनही बहुतेक ठरलेलं असतं: मालक म्हणजे देव, दीनार म्हणजे कृपा, उशिरा आलेल्यालाही स्वर्ग मिळतो.

हा अर्थ चुकीचा नाही. पण त्यात मजूर हरवतात.

सोलापुरात आमच्या शेजारच्या मावशी बिड्या वळतात. मजुरी हजार बिड्यांवर. ताप आला, हात दुखला, की तेवढे पैसे कमी. मी त्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा कृपेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत ती माणसं घरी का नाही गेली गं?"

मी अध्याय पुन्हा उघडला. उत्तर तिथेच होतं. दिवसभर रिकामे का उभे आहात, असं मालक विचारतो. आम्हाला कुणी कामच दिलं नाही, असं ते सांगतात. रिकाम्या हाताने घरी जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. दीनार ही त्या काळातली साधारण एका दिवसाची मजुरी. मालक त्यांचे तास मोजत बसला नाही, त्यांच्या घरची चूल पेटेल एवढं त्याने दिलं. इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

आपल्या जगण्यातून बायबल वाचायचं म्हणजे मनाला येईल तो अर्थ लावायचा, असा आक्षेप घेतात. मला त्यावर पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी चाललेलं सिस्टर्सचं काम त्यांनी पाहिलं. त्यानंतर योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरची शोमरोनी बाई त्यांना वेगळीच भेटली. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला, दुष्काळातून आणलेल्या मुलींना सांभाळता सांभाळता, साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर हेच काम चालू होतं. प्रश्न जगण्यातून आला, उत्तरासाठी मात्र त्या मूळ शब्दांपर्यंत गेल्या.

ही शिस्त अवघड आहे, कारण मजकूर आपल्यालाही अडवतो. मावशींचा दुसरा प्रश्न होता, "सकाळपासून राबणाऱ्यांना थोडं जास्त दिलं असतं तर? मालकाकडे होतं की." अमेरिकन अभ्यासक विल्यम हर्झॉग यांनी १९९४ च्या पुस्तकात याच दिशेने जाऊन म्हटलं, की हा मालक देव नाहीच, गरिबांना राबवणारा बडा जमीनदार आहे. मला हे वाचन मोहात पाडतं. पण गोष्टीची सुरुवातच स्वर्गाचं राज्य असं असं आहे, म्हणून होते. ते वाक्य मला सोयीसाठी पुसता येत नाही. आणि माझ्या पैशाचं मी हवं ते करीन, हे मालकाचं बोलणं बिडीच्या हिशेबाला बसलेल्या बाईच्या कानाला कसं लागतं, तेही विसरता येत नाही.

मावशींना अजून उत्तर दिलेलं नाही. पण आता ही गोष्ट वाचताना मी आधी मजूर मोजते.