रिचर्ड प्रायर : एका प्रसंगाची दोन रूपे

रिचर्ड प्रायर (१९४०–२००५) या अमेरिकन विनोदी नटाचे मूल्यमापन करताना त्याच्या प्रांजळपणाचा गौरव करण्याचा प्रघात आहे. पिओरिया येथे आजीच्या कुंटणखान्यात गेलेले बालपण, वर्णद्वेष, कोकेनचे व्यसन, यांपैकी त्याने काहीच झाकले नाही, म्हणून तो थोर, असा हा युक्तिवाद. तो अपुरा आहे. तसे पाहता, १९६७ साली लास व्हेगासच्या रंगमंचावरून प्रयोग अर्धवट टाकून निघून जाईपर्यंत तो बिल कॉस्बीच्या वळणाचा निरुपद्रवी विनोदच करीत होता. पुढे बदलला तो केवळ विषय नव्हे. अभिनयाची रीतच बदलली.

या रीतीचा कस लावण्यास एक प्रसंग विशेष उपयुक्त आहे. ९ जून १९८० रोजी प्रायर आपल्या घरी गंभीररीत्या भाजला. ही घटना ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’ (१९८२) या त्याच्या रंगमंचीय प्रयोगाच्या चित्रपटात येते, आणि त्यानेच दिग्दर्शित केलेल्या ‘जो जो डान्सर, युअर लाइफ इज कॉलिंग’ (१९८६) या कथापटातही येते. पहिल्यात दूध-बिस्किटांमुळे स्फोट झाल्याची एक धादांत थाप आहे. परंतु त्याच प्रयोगात कोकेन ओढण्याचा पाइप बोलू लागतो. त्याचा स्वर मायेचा, समजुतीचा असतो. हळूहळू त्यात हुकमत येते. मित्र जिम ब्राउन ‘पुढे काय करणार?’ असे पुनःपुन्हा विचारतो, आणि पाइप त्याच्याकडे लक्ष न देण्याविषयी बजावतो. पाइप, मित्र आणि व्यसनी, तिघेही एकाच देहात वसतात. धनी आणि गुलाम यांचा चेहरा एकच असल्याने प्रेक्षकाचे हसू ओठांवरच थबकते. ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’ (१९७९) मध्ये त्याचेच हृदय त्याला गुडघ्यांवर आणते, तेथेही हेच तंत्र आहे.

कथापट वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. नायक अंगावर मद्य ओतून स्वतःला पेटवून घेतो, आणि आपले भाजणे हेतुपुरस्सर होते, हे प्रायरने १९९५ च्या आत्मचरित्रात मान्य केले. १९८२ चे कथन या मुद्द्यापुरते लपवाछपवीचेच होते, हे आक्षेपकांचे म्हणणे नाकारता येणार नाही. तरीही कथापट फिका वाटतो. त्यात नायकाचा आत्मा देहाबाहेर पडून भूतकाळात हिंडतो. म्हणजे जे विभाजन नटाने आवाजाने व मानेच्या एका झटक्याने साधले होते, ते येथे कॅमेऱ्याच्या करामतीवर सोपविले आहे. पाइप पुन्हा निव्वळ वस्तू होतो.

‘सिल्व्हर स्ट्रीक’ (१९७६) व ‘स्टर क्रेझी’ (१९८०) यांनी पैसा दिला. नट म्हणून त्याला खरे काम ‘ब्लू कॉलर’ (१९७८) मध्येच लाभले, असे म्हणावेसे वाटते. १९८६ साली त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले. १९९२ च्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून बोलत असे. पात्रे आवाजात उरली होती, देह मात्र त्यांच्या हाकेला जात नव्हता.