देणाऱ्याचे घेणे

आपल्या ख्रिस्ती कथा-कादंबऱ्यांत साक्रामेंतांना तोटा नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाचे नाव काय ठेवायचे यावरून आजी आणि सून यांच्यात जुंपते, पहिल्या कम्युनियनसाठी पांढरा झगा उसनवार आणला जातो, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याची मिरवणूक बँडसह विहिरीकडे निघते, आणि मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या उशाशी फादर पवित्र तेल घेऊन धावत येतात. कथाकाराची लेखणी या प्रसंगांत रमते, आणि रमावीच. परंतु या सर्व प्रसंगांत धर्मगुरू एकाच बाजूला उभा असतो. तो देणारा, बाकीचे घेणारे. तो चांगला असला तर संतपदाला पोहोचलेला असतो, वाईट असला तर ढोंगी आणि पैशाचा लोभी. तोही कुणापुढे तरी गुडघे टेकतो, त्यालाही कुणाकडून तरी क्षमेचे शब्द ऐकावे लागतात, हे चित्र निदान माझ्या वाचनात तरी फारसे आलेले नाही.

यात काही दोष आपल्या शब्दांकडेही जातो. 'संस्कार' हा शब्द आपण उपासनाविधीत स्वीकारला आणि तो रूढही झाला. मात्र मराठीत संस्कार केला जातो. ज्याच्यावर तो होतो त्याने स्वस्थ बसायचे असते. उलट साध्या बोलण्यात आपली माणसे 'कम्युनियन घेतलं का?' असे विचारतात. या 'घेणे' क्रियापदात हात पुढे करणे आहे, गरज आहे, थोडी लाजही आहे. साहित्याला विषय मिळतो तो या क्रियापदापाशी.

धर्मशास्त्राची बाजू थोडक्यात सांगतो. देणाऱ्याच्या पापामुळे साक्रामेंत बाटत नाही, हे संत ऑगस्टीनने दोनातपंथीयांशी वाद करताना ठामपणे मांडले आणि 1547 साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने सातव्या सत्रात त्यावर शिक्कामोर्तब केले. हे आपण शिकलो, शिकवलेही. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. धर्मगुरू मिस्सा अर्पण करताना स्वतःच्या हातून ख्रिस्तशरीर घेतो. पण स्वतःच्या पापांची क्षमा तो स्वतःला देऊ शकत नाही, की मरणसमयी स्वतःच्या कपाळाला तेल लावू शकत नाही. यातून कुणीही सुटलेला नाही. 28 मार्च 2014 रोजी रोमच्या संत पीटर महामंदिरात तत्कालीन पोप फ्रान्सिस इतरांची पापनिवेदने ऐकण्यापूर्वी स्वतःच एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले, तेव्हा त्या छायाचित्राचे जगभर अप्रूप वाटले. खरे तर अप्रूप वाटण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

या दुसऱ्या बाजूला गेल्या शतकातील ज्या दोन कादंबऱ्यांनी हात घातला, त्यांचे लेखक धर्मगुरू नव्हते, प्रापंचिक होते. फ्रान्सच्या जॉर्ज बर्नानोसने 'एका ग्रामीण धर्मगुरूची रोजनिशी' ही कादंबरी 1936 साली प्रसिद्ध केली, आणि इंग्लंडच्या ग्रॅहम ग्रीनने 'द पॉवर अँड द ग्लोरी' 1940 साली. दोहोंचा नायक धर्मगुरू आहे आणि दोघांनाही लेखकाने नाव दिलेले नाही. ही उणीव नव्हे. नाव पुसले की माथ्यावरची गुरुदीक्षा तेवढी उरते.

बर्नानोसचा तरुण धर्मगुरू आंब्रिकूर नावाच्या धर्मग्रामात येतो. छळ नाही, विरोध नाही. आहे तो कंटाळा, सगळ्या गावाला आतून पोखरणारा. धर्मशिक्षणाच्या वर्गात सेराफिता नावाची मुलगी मन लावून ऐकते म्हणून तो हरखतो. तिला कारण विचारतो, तर ती म्हणते की तुमचे डोळे सुंदर आहेत. आणि मागे दबा धरलेल्या मुली खिदळतात. पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेणाऱ्या कुणाही धर्मगुरूने हे पान वाचून पाहावे. हाडामासाचा धर्मग्राम म्हणजे काय, ते या एका पानात आले आहे.

पुढे कादंबरीचा मध्य येतो. गावच्या उमरावाची पत्नी, जिचा तान्हा मुलगा गेला आहे, ती देवाशी अबोला धरून वर्षानुवर्षे मिस्सेला येते आहे. धर्मगुरू तिच्याशी झुंजतो, मुलाच्या केसांची बट ठेवलेले पदक ती आगीत फेकते, तो हात भाजून घेत ते काढायला धावतो. तिला शांती लाभते आणि त्याच रात्री ती मरते. ज्याच्या स्वतःच्या प्रार्थनेत ओलावा उरलेला नाही, ज्याला अन्न पचत नाही म्हणून जो दारूत भिजवलेल्या पावावर जगतो, त्याने आपल्यापाशी नसलेली शांती दुसऱ्याला दिली. त्रेंतचा सिद्धान्त इतक्या जिवंतपणे मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. (कादंबरीत दोष नाहीत असे नाही. तोर्सीचा वृद्ध धर्मगुरू बोलायला लागला की थांबत नाही, आणि त्याच्या तोंडून पुष्कळदा बर्नानोसच बोलतो.)

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने खरे मोल आहे ते अखेरच्या दोन-तीन पानांचे. पोटाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर हा धर्मगुरू लील शहरात दुफ्रेती नावाच्या जुन्या गुरुकुलमित्राकडे उतरतो. दुफ्रेतीने धर्मगुरुपद सोडले आहे, तो औषधांची विक्री करतो आणि एका स्त्रीसोबत राहतो. मरणघटका येते. स्थानिक धर्मगुरूला निरोप गेला आहे, पण तो पोहोचत नाही. तेव्हा मरणारा याच मित्राकडे पापक्षमा मागतो. दुफ्रेती कचरतो, आपल्या अडचणी सांगतो, आणि अखेर ते शब्द उच्चारतो. हे सारे आपल्याला कळते ते त्याने तोर्सीच्या धर्मगुरूला लिहिलेल्या कोरड्या पत्रातून.

यात नियमभंग नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. ज्याला पापक्षमेचा अधिकार उरलेला नाही असा धर्मगुरूही मृत्यूच्या धोक्यात असलेल्या माणसाला वैधपणे पापक्षमा देऊ शकतो. हे 1917 च्या धर्मविधिसंहितेत होते आणि 1983 च्या संहितेत 976 व्या कलमात आहे. गुरुकुलात आपण ते परीक्षेपुरते पाठ केले. बर्नानोसने त्या कलमात दोन माणसे उभी केली: एक आयुष्यभर देत आलेला, जो आता मागतो, आणि एक देणे सोडून दिलेला, ज्याला आता द्यावे लागते. त्या खोलीत कोण कुणाला वाचवतो, हे सांगणे कठीण आहे.

ग्रीनच्या कादंबरीत याच प्रसंगाची काळी बाजू आहे. मेक्सिकोतील ताबास्को प्रांतात तोमास गार्रिदो कानाबाल या राज्यपालाच्या काळात चर्चे पाडली गेली, धर्मगुरूंना लग्न करण्यास भाग पाडले गेले. 1938 साली ग्रीन त्या भागात फिरून आला आणि त्यातून ही कादंबरी उभी राहिली. नायक दारुडा आहे, एका मुलीचा बाप आहे, आणि पळता पळता खेड्यांत पहाटेची मिस्सा अर्पण करतो. मिस्सेसाठी चोरून मिळवलेला द्राक्षारस विकणारेच त्याच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकतात आणि त्याच्या हाती उरते निरुपयोगी ब्रँडी. हा प्रसंग पुष्कळ टीकाकारांनी वाखाणला आहे. मला मात्र त्याहून बोचरा वाटतो तो सीमेपलीकडच्या सुरक्षित गावातला. तिथे छळ संपतो, अंगावर नवे कपडे येतात, आणि बाप्तिस्म्याच्या दक्षिणेवरून हा घासाघीस करू लागतो. जुना, पोट सुटलेला धर्मगुरू दोन दिवसांत परततो. धर्मग्रामाच्या कार्यालयात पावतीपुस्तक घेऊन बसणाऱ्या आम्हा सर्वांना ग्रीनने इथे आरसा दाखवला आहे.

हा माणूस पकडला जातो. उद्या गोळ्या घालायच्या आहेत. त्याची एकच मागणी आहे: पापनिवेदन. गावात पाद्रे होसे आहे, सरकारी हुकूम मानून लग्न केलेला. धर्मद्वेष्टा लेफ्टनंट स्वतःचा कायदा बाजूला ठेवून त्याच्या दारी जातो. पाद्रे होसेची बायको आडवी येते आणि तो भितो, नकार देतो. धर्मविधीच्या दृष्टीने होसे आणि दुफ्रेती यांत काडीचा फरक नाही. दोघांनाही ते शब्द उच्चारता आले असते. एकाने उच्चारले. दुसऱ्याच्या नकारामुळे ग्रीनचा नायक ब्रँडीची बाटली हातात घेऊन एकटाच आपली पापे मोजत बसतो, आणि त्या मोजण्यातही त्याला आपल्या मुलीवाचून दुसरे काही सुचत नाही.

1953 साली रोमच्या पवित्र कार्यालयाने या कादंबरीला आक्षेप घेतला. पुढे 1965 साली पोप सहावे पॉल यांनी ग्रीनला भेटीत आपण ती वाचल्याचे सांगून दिलासा दिला. आक्षेप घेणाऱ्यांना नायकाची दारू खुपली असावी. माझा आक्षेप असलाच तर तो शेवटच्या पानाला आहे. रात्री दारावर थाप पडते, नवा धर्मगुरू येतो, लहान मुलगा त्याच्या हाताचे चुंबन घेतो. वाचक सुस्कारा टाकतो. साक्रामेंत चालू राहिले हे खरे, पण ज्याला ते हवे होते तो गेला; त्याची रिकामी राहिलेली ओंजळ झाकण्याची ही थोडी घाई आहे. बर्नानोसने तशी घाई केली नाही, म्हणून कलादृष्ट्याही मी त्याला वरचे स्थान देतो.

आपल्याकडे तसा छळ नाही, आणि आंब्रिकूरसारखा कंटाळा असलाच तर तो सणांच्या रोषणाईत दिसत नाही. म्हणून विषय नाही असे आमच्या लेखकांनी समजू नये. तपश्चर्याकाळातल्या एखाद्या शनिवारी दुपारी, चर्चमध्ये माणसांची रांग लागण्यापूर्वी, वयस्क फादर रिक्षा करून शेजारच्या धर्मग्रामात जातात आणि तासाभराने परततात. आचाऱ्याला वाटते, मित्राकडे चहाला गेले होते. एखाद्या कथाकाराने कधीतरी त्या रिक्षात बसून पाहावे.