कोर्टाचा कारकून कुणाच्या हाताखाली?

'स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये' हे तत्त्व आपल्याला पाठ असतं. आज त्या कसोटीवर एक सरकारी अहवाल वाचू. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीनं मायकेल ब्राउन हा तरुण मारला गेला. त्यानंतर अमेरिकेच्या न्याय विभागानं चौकशी केली आणि मार्च २०१५ मध्ये अहवाल काढला. अहवाल पोलीस खात्याचा. पण आमच्या मते त्याचा गाभा आहे तो नगर-न्यायालयावरच्या पानांत.

हे कोर्ट तेव्हा बसवलं होतं कसं, ते बघा. न्यायाधीश अर्धवेळ. त्यांचं नाव सुचवणार सिटी मॅनेजर, निवडणार नगरपरिषद, मुदत दोन वर्षं. रोजचा कारभार मात्र कोर्टाच्या कारकुनाकडे, आणि हा कारकून पोलीसप्रमुखाच्या हाताखाली! म्हणजे पावती फाडणारा आणि दंड वसूल करणारा एकाच घरचा. दंडाची रक्कम शहराच्या तिजोरीत. २०१५ च्या अंदाजपत्रकात शहरानं १ कोटी ३२ लाख डॉलरांच्या उत्पन्नापैकी ३० लाखांहून अधिक रक्कम दंड आणि शुल्कातून धरली होती. अजून न घडलेले गुन्हे आधीच जमेच्या बाजूला मांडून ठेवलेले!

अहवालातली एक हकीकत आम्हाला विसरता येत नाही. एका बाईनं २००७ मध्ये चुकीच्या जागी गाडी लावली. दंड १५१ डॉलर, वर शुल्क. तिला तो झेपेना, तारखा चुकल्या, वॉरंटं निघाली. दोनदा अटक, सहा दिवस कोठडी. मध्ये तिनं २५ आणि ५० डॉलर भरून पाहिले, तर कोर्टानं ते परत केले. पूर्ण भरा म्हणे. २०१४ च्या अखेरीस तिचे ५५० डॉलर भरून झाले होते आणि ५४१ बाकी होते.

आता आमची तक्रार. वर्तमानपत्रांत गाजले ते अधिकाऱ्यांचे वर्णद्वेषी ईमेल. ते किळसवाणे आहेतच, आणि या दंडांचा जाच कृष्णवर्णीयांनाच अधिक झाला हेही अहवाल आकड्यांनी दाखवतो. पण ईमेल वाचून वाटतं, चार वाईट माणसं काढली की झालं. काही जण गेलेही. त्या खुर्चीवर उद्या एखादा सज्जन बसवा. पगार नगरपालिकेचा, वरिष्ठ पोलीसप्रमुख, समोर वसुलीचं उद्दिष्ट. त्याच्या सज्जनपणाला तिथे जागा किती?

आपल्या संविधानाचा अनुच्छेद ५० न्यायसंस्था कार्यपालिकेपासून वेगळी करायला सांगतो. वर्गात आम्ही तो एका वाक्यात उरकत असू. त्या बाईची पानं वाचल्यावर तसा उरकवत नाही.