झाकण उघडलं नाही, तरी प्रकल्प बाद

नववीतल्या माझ्या मामेबहिणीला मोबाइलच्या स्क्रीनवर किती जिवाणू असतात ते बघायचं होतं. मी तिला आगर ओतलेल्या १२ पेट्री डिश दिल्या, स्वॅब कसा घ्यायचा ते दाखवलं आणि बजावलं, ‘झाकण अजिबात उघडायचं नाही.’ तिनं नाही उघडलं. डिश थर्माकोलच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या, वरूनच वसाहती मोजल्या, वहीत रोजच्या नोंदी केल्या. मग आयरिस या राष्ट्रीय स्पर्धेचा विषय निघाला. तिथून निवडलेली मुलं अमेरिकेतल्या आयसेफला जातात, म्हणून प्रकल्प आयसेफच्या नियमांत बसावा लागतो. ते नियम मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणारी मी, आणि तोवर वाचलेच नव्हते!

पात्रतेचा भाग सोपा आहे. विद्यार्थी नववी ते बारावीतला हवा, गटात जास्तीत जास्त ३ जण, आणि सलग १२ महिन्यांपर्यंतचंच काम दाखवता येतं. अडतं ते सुरक्षेपाशी. वातावरणातून घेतलेले अनोळखी सूक्ष्मजीव डिशमध्ये वाढवले आणि डिश बंदच राहिली, तर ते जैवसुरक्षा पातळी १ चं काम. वाढ तपासायला झाकण उघडलं की पातळी २. पण घरी दोन्ही चालत नाही. नमुना घरी घ्या, लगेच योग्य प्रयोगशाळेत न्या, वाढवा तिथंच. शिवाय समितीची मंजुरी प्रयोगाआधीच हवी.

‘मोबाइल तर आपण रोज गालाला लावतो, मग डिशनं काय बिघडलं?’ हा तिचा प्रश्न. बिघडतं ते संख्येनं. स्क्रीनवरच्या एका पेशीतून डिशमध्ये एक अख्खी वसाहत उभी राहते, तिच्यात लाखो पेशी असतात, आणि ती कशाची आहे हे नुसतं बघून कळत नाही. शिवाय प्रयोग संपल्यावर त्या १२ डिश टाकणार कुठं? प्रयोगशाळेत त्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक होतात. घरी आहे तो प्रेशर कुकर, आणि त्यात वरणभात लागतो. शेवटी मीच त्या पिशवीत बांधून लॅबमध्ये नेल्या.

म्हणजे नियम बरोबर आहे. माझी तक्रार आहे पुस्तिकेच्या मांडणीबद्दल. काय चालत नाही ते ती चोख सांगते, का चालत नाही ते फारसं समजावत नाही. त्यामुळे मुलं हे नियम परीक्षेच्या सूचनांसारखे पाळतात, किंवा तसेच चुकवतात. इथंही तेच सुचवलं गेलं. एका अनुभवी शिक्षकांनी अगदी प्रेमानं सांगितलं, ‘जागा म्हणून शाळेची प्रयोगशाळा लिहा, तारीख थोडी मागची टाका. सगळे तेच करतात.’ मी गप्प बसले, कारण चूक माझी होती आणि हा मार्ग मलाही सोयीचा होता. बहीणच म्हणाली, ‘ताई, पण वहीत तर कपाट लिहिलंय.’

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. फॉर्म १ ही जबाबदार प्रौढ मार्गदर्शकानं भरायची तपासयादी आहे. नियम वाचलेत, आराखडा पाहिलाय, असं तिथं मोठं माणूस सहीनिशी सांगतं. पण ती सही खोटी किंवा निष्काळजी निघाली, तर बाद होतं ते मूल. सही करणाऱ्याचं पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकल्पावर मार्गदर्शन सुरूच. मागाहून मंजुरी देऊ नये, हे मला पटतं. नाहीतर ‘माहीत नव्हतं’ एवढं म्हटलं की कुणीही सुटेल. पण बाद झालेल्या प्रकल्पासोबत मार्गदर्शकाचा लेखी खुलासा तरी मागावा. माझा कुणीच मागितला नाही, म्हणून इथं लिहितेय.

तुमच्यापैकी अनेकजण पीएचडीच्या पहिल्याच वर्षी शाळेतल्या मुलांना मदत करू लागाल. हातात डिश देण्याआधी फॉर्म ६अ उघडा; घातक ठरू शकणाऱ्या जैविक घटकांचा धोका त्यात मांडावा लागतो. कणीक फुगवायचं यीस्ट मात्र, त्यात जनुकीय फेरफार नसेल तर, या जादा पडताळणीतून वगळलंय. बहिणीनं यंदा तेच घेतलंय. साखरेच्या पाण्यात यीस्ट, बाटलीच्या तोंडाला फुगा, आणि दर १० मिनिटांनी घेर. आराखड्यावर तारीख प्रयोगाच्या आधीची आहे, आणि ठिकाणापुढे लिहिलंय: स्वयंपाकघराचा ओटा.