अभय कशाला म्हणावे?

गिरगावातल्या चाळींतून आता माणसे कमी झाली, तरी जी उरली आहेत ती मला अजून 'बुवा' म्हणूनच हाक मारतात. कीर्तन थांबवून बरीच वर्षे झाली, पण प्रश्न विचारणारे थांबलेले नाहीत. अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "बुवा, आपली माणसे बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जातात. तिथे गेले की काळजी उतरते म्हणतात. हे खरे का? आणि खरे असेल तर आपला विठोबा कुठे कमी पडला?"

या प्रश्नावर आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक उत्तर रागाचे: तिथे जाणेच चुकीचे. दुसरे उत्तर सोयीचे: देव सगळा एकच, जा कुठेही. रागावलेला माणूस काही पाहत नाही आणि सोय पाहणारा काही तपासत नाही. आपण तपासून पाहू. ख्रिस्ती श्रद्धा भयापासून आणि चिंतेपासून रक्षण करते, असे म्हणतात तेव्हा नेमके काय म्हणतात, आणि त्यातले किती टिकते?

सुरुवात घराजवळून करू. खोताची वाडी आपल्या गिरगावातलीच. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी. इथली लाकडी जिन्यांची आणि कठड्यांची घरे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची. ही माणसे बाहेरून आलेली नव्हेत, इथलीच, मराठी बोलणारी. वाडीत एक लहानसे प्रार्थनास्थळ आहे. प्लेगमधून वाचलो म्हणून देवाचे आभार मानण्यासाठी ते १८९९ मध्ये बांधले गेले. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत त्या काळचे असे क्रूस आणखीही आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. माणसे गाव सोडून पळाली. घरात गाठ आलेला रोगी असला तर तो लपवायचा की सरकारला सांगायचा, या धास्तीत घरेच्या घरे जागी राहिली. त्या दिवसांत कोणी क्रूसापुढे दिवा लावला असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपणही त्या वेळी कोणत्या ना कोणत्या देवापुढे नारळ ठेवलाच.

पण एक गोष्ट विचारात घ्यावी. आभाराचा क्रूस जे वाचले त्यांनी बांधला. जे गेले, त्यांतही भाविक होते, त्यांनीही प्रार्थना केली होती, त्यांच्याही गळ्यात क्रूस होता. त्यांचा क्रूस कोण बांधणार? नवसाचे हेच गणित असते. फळलेल्या नवसाची पाटी देवळात लागते, न फळलेला नवस घरात मुकाट राहतो. वाचलेल्याची कृतज्ञता खरी आहे. पण 'श्रद्धा होती म्हणून वाचलो' एवढे म्हटले की मेलेल्याच्या श्रद्धेवर डाग लागतो. हा हिशोब ख्रिस्ती माणसाने मांडला तरी चूक आणि माळकऱ्याने मांडला तरी चूक. नवसाच्या व्यवहाराला तुकोबांनी किती झोडपले आहे, ते वाचकांना मी सांगायला नको.

त्याच प्लेगाची दुसरी खूण खोताच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर डॉक्टर अकासियो व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. मांडवीतला तो रोग म्हणजे गाठीचा प्लेग, हे पहिल्याने ओळखणारे ते हेच. ते गोव्याचे ख्रिस्ती. त्यांनी प्रार्थना केली की नाही, याची चौकशी आपण करायची नाही. पण ते रोग्यांच्या खोल्यांत शिरले, गाठी तपासल्या, घाण आणि उंदीर यांच्याविरुद्ध उभे राहिले. क्रूस आणि पुतळा दोन्ही एकाच साथीचे. मला विचाराल तर एकट्या क्रूसावरून ख्रिस्ती श्रद्धा समजत नाही. दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

आता त्यांचा ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेले 'सुबोध बायबल' मराठी वाचकाने जरूर चाळावे. त्यात स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातले ९१ वे स्तोत्र म्हणजे भ्यालेल्या माणसाचे कवच. देवाच्या आसऱ्याला राहणाऱ्याच्या घराजवळ रोगराई येणार नाही, देवदूत त्याला हातांवर झेलतील, अशा अर्थाचे आश्वासन त्यात आहे. साथीच्या काळात हे स्तोत्र किती ओठांवर असेल, याची कल्पना करता येते.

पण पुढे शुभवर्तमानात एक प्रसंग येतो. सैतान येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत झेलतील असे लिहिलेलेच आहे. तो आधार म्हणून देतो ते हेच स्तोत्र! येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे म्हणून तो बाजूला होतो. कीर्तनकाराच्या दृष्टीने हा प्रसंग मोठ्या तोलाचा आहे. रक्षणाचे वचन खोटे आहे असे ग्रंथ म्हणत नाही. त्या वचनाचा हक्काच्या हुंडीसारखा वापर करणे ही सैतानाची बुद्धी, एवढे मात्र तो स्पष्ट सांगतो.

आणि तोच येशू पुढे गेथशेमानेच्या बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, व्याकूळ होतो. हा प्याला टळावा अशी विनवणी करतो. प्याला टळत नाही. ज्यांच्या देवालाच भीतीचा घाम फुटला, त्यांनी 'आमच्याकडे आला की भीती संपते' असे सांगावे हे त्यांच्याच ग्रंथाला धरून नाही. पाखरे पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांना पोसले जाते, म्हणून उद्याची चिंता करू नका, ही त्याची शिकवण प्रसिद्ध आहे. पण त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे चिमणी जमिनीवर पडते हेही आले आहे. पडताना ती पित्याच्या नजरेआड नसते, इतकेच. चिमणी पडतच नाही, असे म्हटलेले नाही.

ग्रंथ झाला, आता माणसे पाहू. मराठीत या विषयाची खरी कसोटी एकाच पुस्तकात लागली आहे, आणि ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या सुरुवातीलाच भयाची कथा आहे. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नात्यातल्या माणसाला फाशी झाली, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटले. घरात येणारा जिन्नस धुतल्याशिवाय घ्यायचा नाही, कोणाचा स्पर्श चालायचा नाही, सगळे घर पाण्यात आणि धाकात. हे कर्मठपण शास्त्रातून आले नव्हते, भयातून आले होते. धर्माच्या नावाने आपण जे पाळतो त्यातले किती भक्तीचे आणि किती भीतीचे, हा प्रश्न लक्ष्मीबाई न विचारता विचारतात.

मग त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तने केली, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. तुकोबांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. त्यांच्या वाणीत प्रासाद आहे आणि आर्तता आहे, हे एका वारकऱ्याने मोकळेपणाने मान्य करावे. मात्र एक उणे दाखवायलाच हवे. टिळकांना ज्या दिवशी आसरा सापडला, त्या दिवशी त्यांच्या पत्नीचा आसरा गेला. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ तर त्या पंढरपुरात होत्या. लहान मूल पदरात, लोक काय म्हणतील याचा धसका, पुढचे काहीच दिसत नाही. एकाच्या अभयाची किंमत दुसऱ्याने भयात मोजली. श्रद्धेने मला काय दिले, हे सांगणाऱ्या प्रत्येकाने ते देताना घरात कोणाकडून काय गेले, हेही सांगावे. हे बोट मी फक्त टिळकांकडे दाखवीत नाही. देहूत तुकोबा भंडाऱ्यावर बसत तेव्हा घरात आवलीच्या वाट्याला काय येत होते, हे आपण कीर्तनात हसण्यावारी नेतो. नेऊ नये.

पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. पण धर्म बदलला आणि भीती गेली, असे त्या कुठेही लिहीत नाहीत. आपल्या भित्रेपणाच्या गोष्टी त्या हसत हसत सांगतात, आणि त्यामुळेच त्यांच्यावर विश्वास बसतो. बदल झाला तो वेगळ्या ठिकाणी. शिवाशिवीच्या धाकात वाढलेल्या या बाईने सगळ्यांच्या हातचे पाणी घेतले, पोरक्या मुलांना पोटाशी धरले, प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा अंगावर घेतली. वडिलांनी भयापोटी जगाचा स्पर्श टाळला, मुलीने भय असतानाच तो पत्करला. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. श्रद्धा नुसती सुरक्षित राहण्यासाठी असती, तर हातचा पगार कोण सोडील? या पुस्तकाचे मोठेपण मला इथे दिसते. श्रद्धेने भय पळवून लावले, ही साक्ष ते देत नाही. श्रद्धेने भयाचा हुकूम मोडला, ही साक्ष देते.

फादर दिब्रिटोंच्या चरित्रातही हेच दिसते. वसईत गुंडांची दहशत होती, जमिनी हिसकावल्या जात होत्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते लोकांबरोबर उभे राहिले. भीती वाटत नव्हती म्हणून नव्हे. लोकांना एकटे सोडायचे नव्हते म्हणून.

आता आपल्याकडे वळू. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे आणि तिच्यात पहिला मान अभयाला आहे. तिथे माउली दृष्टांत देतात: जो महापुरात उडी घालत नाही त्याला बुडण्याची धास्ती नाही, आणि जो पथ्य सांभाळतो त्याला रोगाची नाही. पाहा, उडी न टाकण्याचाच दृष्टांत! आणि पथ्य म्हणजे औषधाच्या बाजूचा शब्द. माउलींनी अभय समजावताना वैद्याला घराबाहेर घालवले नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. माझ्या शेजारी एका तरुणाला घाबरे होण्याचा विकार आहे. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. एका प्रार्थनामंडळात त्याला सांगितले गेले की पुरता विश्वास असेल तर गोळ्या कशाला? त्याच महिन्यात आपल्याच एका माळकऱ्याने त्याच्या आईला सांगितले की पारायण करा, गोळ्या बंद करा. दोघांचे देव निराळे, चूक एकच. त्या मुलाची रात्र आणखी कठीण झाली, कारण आता भीतीच्या जोडीला 'माझा विश्वास कच्चा आहे' हा अपराधही आला. भयावर औषध म्हणून आणखी एक भय द्यावे, हे ना ख्रिस्ताला मान्य, ना विठ्ठलाला. नरकाची भीती घालून मग आसरा विकणाऱ्या उपदेशकाला, आणि साडेसातीची भीती घालून मग गंडा विकणाऱ्याला, मी एकाच पंगतीत बसवतो. डॉक्टरची गोळी घ्यावी आणि हरिपाठही म्हणावा. पथ्य आणि नाम यांचे भांडण नाही.

ख्रिस्ती मंडळींशी माझा मतभेद आहे तो दुसऱ्या जागी. एकाच नावाखाली तारण आहे, बाकीचे उघड्यावर, हे मला पटत नाही. भय दुसरेपणातून उपजते, असे आपले उपनिषद सांगते. 'आमचे' आणि 'बाहेरचे' अशी भिंत घातली की भिंतीबाहेरच्याचे भय आत येणारच. मात्र ही भिंत आपल्याकडेही घातली जाते, हे विसरून चालणार नाही.

शेवटी विठोबा कमी पडला का, या प्रश्नाकडे येतो. देवळादेवळांत देवांचा एक हात अभयाचा असतो. आमच्या पांडुरंगाचा हात वर नाही. शस्त्र उगारलेले नाही, दोन्ही हात कमरेवर. तो 'भिऊ नकोस' असेही हाताने सांगत नाही. पांडुरंगाष्टकात याचा अर्थ दिला आहे: माझ्या माणसांना हा भवसागर एवढाच खोल, असे तो कमरेवर हात ठेवून दाखवतो. पाणी नाही असे तो म्हणत नाही. पाणी आहे, अंग भिजेल, पण पाय टेकतील. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.त बसून पंढरपुराला गेल्या आणि वारकरी घरी राहिला, तेव्हा विठोबा कमी पडला नव्हता. आपण पथ्य पाळले होते.

तेव्हा बुधवारी माहीमला जाणाऱ्या शेजारणीला अडवू नका आणि हसूही नका. ती परत आली की 'भीती गेली का' असे विचारू नका. त्याचे खरे उत्तर कोणाजवळच नसते. तिच्या घरातला आजारी माणूस कसा आहे ते विचारा, आणि रात्री सोबतीला कोणी नसेल तर जाऊन बसा. येताना टाळ आणला नाही तरी चालेल.

रामकृष्णहरी.