खूण दिसली, म्हणजे गोष्ट घडली का?

मंडळी, तत्त्वज्ञानवाल्यांचं प्रयोगशाळेत काय काम, असं आम्हाला विचारतात. अनुमान चुकतं तिथे आमचं काम असतंच.

१९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. एन्झाइम ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देते. घटलेल्या ऑक्सिजनवरून साखर कळते. पुढे कार्बन नॅनोट्यूब आल्या आणि कितीतरी शोधनिबंधांत दावा झाला, की आता इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडवर येतात, ऑक्सिजन नकोच. पुरावा? आलेखावरचे एक शिखर.

आता बघा. ते शिखर एन्झाइमच्या घडीत खोल दडलेल्या एफएडी या घटकाचे मानले गेले. पण एन्झाइममधून सुटून नॅनोट्यूबला चिकटलेला एफएडीही जवळपास तिथेच शिखर देतो! न्यायशास्त्रात हा सव्यभिचार हेत्वाभास: साध्य असो वा नसो, खूण हजर.

परीक्षा साधी आहे. ऑक्सिजन काढा, ग्लुकोज घाला. इलेक्ट्रॉन खरंच थेट जात असतील, तर त्या शिखराजवळच ऑक्सिडीकरणाचा प्रवाह वाढला पाहिजे. पुष्कळ निबंध ऑक्सिजन ठेवूनच बदल दाखवतात. तो तर क्लार्कांचाच जुना रस्ता!

नॅनोट्यूब निरुपयोगी, असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी पृष्ठभाग वाढतो, संकेतही वाढतो. पण संवेदक चालला, म्हणून त्याचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही. आणि असा संवेदक ऑक्सिजनवर अवलंबून नाही असं समजून शरीरात बसवला, तर ऊतीत ऑक्सिजन कमी पडताच तो साखर चुकीची सांगेल. तेव्हा चूक तर्काची असेल, भोगेल मात्र रुग्ण.