टिपण, क्रम आणि लिपी

टिपण म्हणजे लेखनाच्या आधीचे काहीतरी, म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरचे, अशी एक अव्यक्त समजूत मराठी समीक्षेत दिसते. सिद्ध झालेल्या संहितेपाशी तिचा विचार सुरू होतो. त्या संहितेपूर्वी सुट्या नोंदी कशा ठेवल्या गेल्या, हा प्रश्न ती लेखकाच्या खासगी सवयीत जमा करते. वस्तुतः नोंदी कोणत्या रूपात राहतात, यावर पुढे कोणती संहिता शक्य होईल हे अवलंबून असते.

मेळघाटातील सेमाडोहचे उदाहरण घेता येईल. तेथून वाहणाऱ्या नदीचे नाव सिपना. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. स्थळ आणि दिनांक यांसह एवढे लिहिले की टिपण पूर्ण होते. स्थलनामांच्या अभ्यासात, वनवर्णनात किंवा शब्दसंग्रहात, ते कोठेही बसू शकते. त्याचा अर्थ आधीच ठरलेला नसणे ही उणीव नव्हे. तेच त्याचे सामर्थ्य होय. वनाधिकारी म्हणून मेळघाटातही काम केलेले मारुती चितमपल्ली (1932–2025) यांच्या लेखनात हे सामर्थ्य प्रत्ययास येते. अरण्यातील निरीक्षणे आणि वनवासींकडून मिळालेले शब्द ‘रानवाटा’त ललित लेखाच्या अंगाने येतात, तर ‘पक्षिकोशा’त त्याच जातीची सामग्री नोंदीच्या शिस्तीत बसते. एकाच अनुभवक्षेत्रातून दोन भिन्न वाङ्मयरूपे निर्माण होतात, ती सामग्री सुटी राहिल्यामुळे.

याची पूर्वपरंपरा वऱ्हाडातच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. प्रत्येक लीळा हा लहान, स्वतंत्र घटक. बहुधा स्थळ व प्रसंग सांगणारा. म्हाइंभटांनी त्यांना एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असा चरित्रक्रम दिला. केसोबासांनी त्याच लीळांतून चक्रधरांची वचने वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला. सामग्री तीच, क्रम बदलताच चरित्राचे तत्त्वज्ञान झाले. रचना ही अशा रीतीने अर्थनिर्णयाचीच पहिली क्रिया ठरते. पंथाच्या परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाली आणि स्मरणातून तिची पुनर्रचना झाली. पाठभेद उरले, तरी ग्रंथ उरला. सुटी लीळा स्मरणात राहू शकत होती, हे त्याचे एक कारण मानावे लागेल.

पुढे याच पंथाने ग्रंथांच्या रक्षणासाठी अक्षरांची अदलाबदल करणारी सकळ लिपी स्वीकारली. रक्षण झाले; पण विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उकलेपर्यंत मराठीचे हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञात राहिले. रक्षण आणि वाचनीयता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा तिचा धडा.

तो धडा संगणकयुगाने न मागता पुन्हा गिरवला. 1990 नंतरच्या दशकात मराठी मजकूर विशिष्ट अक्षरसंचांवर टंकलिखित होत असे. पडद्यावर देवनागरी दिसे. आत साठे ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची जुळणी. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर तीच फाइल निरर्थक चिन्हांची रांग होते. सकळ लिपीला निदान हेतू होता. येथे कुलूप आहे, हेच लेखकाला ठाऊक नव्हते. युनिकोडने (1991) देवनागरी वर्णांना स्वतःचे निश्चित संकेत दिले. त्यामुळे कोणत्याही एका आज्ञावलीवर अवलंबून नसलेली, केवळ वर्णांची साधी मजकूर-फाइल मराठीतही शक्य झाली.

अशा फाइलीत ठळक अक्षर नाही, रंग नाही, चित्र नाही. एका फाइलीत एक टिपण, नावात दिनांक आणि विषय, पहिल्या ओळीत स्थळ, एवढीच व्यवस्था पुरते. शब्द शोधता येतो, क्रम मोडता येतो आणि नवा लावता येतो. हाताची वही जे रेखाटन, जी खाडाखोड जपते ते येथे हरवते, हा आक्षेप खरा आहे; म्हणून वही टाकून देऊ नये. परंतु वहीतील नोंद दुसऱ्या अभ्यासकाला निराळ्या क्रमाने लावता यावी, अशी अपेक्षा असेल तर हा साधेपणाच उपयोगी पडतो.

लेखकांचे कागद जतन करण्याची चर्चा मराठीत अधूनमधून होते. त्या काळातील लेखकांच्या संगणकीय टिपणांचा प्रश्न मात्र अधिक तातडीचा आहे. कागद पिवळा पडला तरी वाचता येतो. अक्षरसंच आणि त्याचा संकेत दोन्ही हरवले तर उकल करणाऱ्याला पुन्हा सकळ लिपीच्या दाराशी उभे राहावे लागेल.